गतिनाथाची गोमुखी

दोन हजार तेवीस साल सरत आलं होतं. मार्गशीर्ष लागला होता आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या मोकळ्या मैदानात दर सोमवारी जत्रा भरत होती. जत्रा माणसांची नव्हती, गाड्यांची होती. ट्रेलर, टेम्पो, रिक्षा, हप्ते न फिटलेल्या नव्या कोऱ्या मोटारी, सगळ्या हळदकुंकू लावून ओळीत उभ्या. प्रत्येकीच्या बॉनेटवर हिरवा खण आणि नारळ. पत्र्याच्या मंडपात लाकडी चौरंगावर गतिनाथ महाराज बसलेले. अंगावर भगवी कफनी, पायांत पांढरे बूट. उजवा हात मनगटापर्यंत गोमुखीत. गोमुखी म्हणजे जपाची माळ झाकून धरायची कापडी पिशवी. महाराजांचा जप म्हणे कधी थांबतच नसे, म्हणून तो हात कधी बाहेर येत नसे.

"इंजिन म्हणजे काय?" महाराज माईकवरून विचारत होते. "पाच तत्त्वं! टर्बो फिरतो तो वायू. पेट्रोल ते जल. प्लगची ठिणगी तो अग्नी. बॉडी लोखंडाची, ती पृथ्वी. आणि आकाश?"

"सनरूफ!" मागून कोणीतरी ओरडलं.

लोक हसले नाहीत. त्यांनी हात जोडले.

"कंपनीवाले शरीर बनवतात. प्राण कोण घालतो? गाडी लेकुरवाळी असते, माणसं पोटात घेऊन फिरते. तिची ओटी भरा! टाकी तोंडापर्यंत भरूनच माझ्या दारात आणा. रिकाम्या पोटी कोणी देवाकडे येतं का?"

या गर्दीत पुढच्या रांगेत गुणाबाई उभी होती आणि तिच्या डोक्याची शीर तडतडत होती. सत्तरी ओलांडलेली ही कोळीण. उभा जन्म पनवेलच्या बाजारात मासळी विकण्यात गेला. तिथं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून खरं-खोटं ओळखायची सवय लागलेली. ती आपणहून आली नव्हती. धाकट्या भावानं, कमळाकरनं, आणली होती. कमळाकरची बायको करोनात गेली. गाडीच्या ओटीला घरातली वडील बाई लागते, तर आता वडील बाई गुणाबाईच. ती विधवा, पण गाडीच्या ओटीला ते चालतं म्हणे. बायकांना पिढ्यान्‌पिढ्या जे चाललं नाही ते मोटारीला एका सोमवारात चाललं, हे ऐकून गुणाबाईला हसावं की ओरडावं कळेना.

कमळाकरच्या मुलाची, प्रितमची, मोटार पुढे सरकली. आत डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला होता.

"बघा तिचा डोळा!" महाराज उठले. "खिंडीतली अतृप्त बाई. तिथून पाठीमागे लागली, ती इथं येऊन बघतेय! जगन, पाय धर गाडीचे."

जगन हा त्यांचा चाळिशीचा शिष्य. तो धुपाटणं घेऊन ड्रायव्हरच्या पायाशी वाकला. धुराचा लोट निघाला. क्षणभर स्टेअरिंगखाली कोणाला काही दिसेना.

"किल्ली अर्धी फिरव," महाराज प्रितमला म्हणाले. "अर्धीच! इंजिनाला हात लावायचा नाही."

महाराजांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले, गोमुखी थरथरू लागली.

"आता जागी कर तिला."

प्रितमनं किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन सुरू झालं आणि पिवळा दिवा विझला.

मग काय विचारता! जयजयकार, शिट्ट्या, मोबाईल वर. कमळाकर हमसून रडायला लागला. महाराजांनी हात उंच करून गर्दी शांत केली आणि त्यांची नजर प्रितमच्या बायकोवर, किशोरीवर, येऊन थांबली.

"दिवा विझला, पण बाई गेली नाही. ती हिच्या मागे आहे. पोरा, मागच्या सोमवारी माझ्या सांगण्यावरून इथून तू खिंड चढलास. गाडी कशी गेली?"

"सुसाट, महाराज."

"आणि शनिवारी ही बसली तेव्हा?"

प्रितमनं मान खाली घातली.

"ऐकलंत? ही पोर घरात आहे तोवर गाडीला गती नाही. आज गाडी अडते, उद्या माणूस अडेल. पुढच्या सोमवारी हिच्यावरून नारळ उतरवून इथूनच हिला माहेरी पोचवा. परत आणायची की नाही, ते मी सांगेन."

शेकडो माणसांच्या देखत एका पोरीला घराबाहेर काढलं गेलं आणि कोणी हूं की चूं केलं नाही. दोन बायकांनी पदर सावरून किशोरीपासून पाऊल मागे घेतलं. ती मात्र ताठ उभी होती. ओठ पांढरे पडले होते, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

"कमळाकर," गुणाबाई म्हणाली, "तुज्या घरातल्या सुनेला हा कोण काढणारा?"

"ताई, गप. इथं नको."

"इथंच बोलला ना तो? मंग मी पन इथंच बोलतंय!"

"ताई, तुझे पाय धरतो!"

आणि त्यानं खरंच पाय धरले. गुणाबाई गप्प झाली. ती गप्प झाली याचा राग तिला आठवडाभर पुरला.

झालं होतं ते असं. प्रितम द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर. गाडी त्यानं वापरलेलीच घेतली होती, पण टर्बो पेट्रोलची, जोरकस, लाडकी. करंजाड्याहून द्रोणागिरीला रोज जायचा-यायचा. रस्ता खाडीकाठचा, तळहातासारखा सपाट. सोमवारी सकाळी टाकी भरायची, आठवडा काढायचा, असा त्याचा शिरस्ता. शनिवारी गाडी किशोरीकडे. ती पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. दुपारी सुटली की पेणला आईकडे जायची. आई एकटी, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारी. पेणच्या वाटेवर कर्नाळ्याची खिंड आहे. तिथं चढ लागला की गाडी मागून कोणी पदर धरावा तशी अडायची. ॲक्सिलेटर दाबला तरी ताकद नाही, पिवळा दिवा पेटलेला, मागून ट्रेलरचे हॉर्न. एकदा तर ट्रेलर बाजूनं इतका खेटून गेला की आरसा तुटला.

गाडी गॅरेजात नेली. तिथल्या संगणकानं सांगितलं, इंधनाचा दाब कमी. गॅरेजवाल्यानं इंजिनावरचा मोठ्या दाबाचा पंप बदलला. गाडी पुढच्या शनिवारी पुन्हा अडली. मग सेन्सर बदलला, मग प्लग. गाडी पुन्हा अडली. शेवटी गॅरेजवाला वैतागून म्हणाला, "साहेब, आमच्या परीनं सगळं केलं. आता देवालाच विचारा." तो बोलून मोकळा झाला. कमळाकरनं ते खरं धरलं. बायको गेल्यापासून त्याचा जीव मुलात अडकलेला. तो ट्रेलर त्याला झोपेत दिसायचा. त्याची भीती खोटी नव्हती आणि असल्या खऱ्या भीतीवरच महाराजांचा मंडप उभा होता.

गुणाबाईला त्या सोमवारनंतर अन्न गोड लागेना. कोळीवाड्यातल्या आपल्या खोलीत बसून ती भिंतीकडे बघत राही आणि तिला खाडी दिसे. आत्ताची, गाळानं भरलेली, पुलांनी चिरलेली खाडी नव्हे. तेव्हाची, भरतीला बाजारापर्यंत मचवे आणणारी. वाऱ्यावर सुक्या जवळ्याचा वास, बंदरावर मिठाच्या गोणी, पहाटे बायकांची आरडाओरड. तेव्हा तिच्या थोरल्या भावानं, दादानं, मचव्यावर पहिलं इंजिन बसवलं होतं. आख्खा कोळीवाडा बघायला लोटला. आणि ते इंजिन खाडीच्या मुखापाशी, लाटा लागल्या की, बंद पडायचं. काठावर आणलं की चालायचं.

तेव्हाही एक भगत होताच. त्यानं तांदूळ टाकले आणि बोट दाखवलं हिरावैनीकडे, दादाच्या बायकोकडे. हिरावैनी मचवा सुटताना काठावर उभी राहते, तिची नजर लागते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. हसरी होती, गुणाबाईच्या केसांत अबोली माळायची. तिला उरणला माहेरी सोडली. पुढं बंदरावर इंजिनांचं काम करणाऱ्या ताहेरभाईंना कोणीतरी बोलावलं. लाटेवर मचवा कलला की टाकीतलं डिझेल एका बाजूला जातं आणि नळी हवा ओढते, हे त्यांनी शोधलं. नळी खाली नेली. इंजिन चाललं. पुरुष हसले, दारू प्याले, मचवा समुद्रात गेला.

हिरावैनीला आणायला कोणी गेलं नाही. इंजिन दुरुस्त झालं, पण वैनीवर ठेवलेला बोल तसाच राहिला. दादानं दुसरी केली. हिरावैनी माहेरच्या ओटीवर जाळी विणत म्हातारी झाली आणि तिथंच मेली.

'तेच. तेच परत,' गुणाबाई पुटपुटली आणि उठली. ताहेरभाई गेल्याला वर्षं झाली होती. पण त्यांची मुलगी बिल्कीस जवळच्याच एका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईल शिकवते, हे तिला ठाऊक होतं. लहानपणी बिल्कीस तिच्या टोपलीशेजारी बसून कोलंबी सोलायची.

बिल्कीसनं वर्कशॉपमध्येच तिला स्टूल दिलं. सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलली, "या अल्ला! मोटारीची ओटी?" मग हातातला स्पॅनर खाली ठेवला.

"मौसी, मला सांगा. गाडी अडते ती चढावरच?"

"चढावरच."

"आणि शनिवारीच?"

"शनवारीच. पोरी, तो मेला बोलतंय ना, किशोरी बसली की..."

"किशोरीला बाजूला ठेवा. शनिवारी टाकीत पेट्रोल किती असतं?"

गुणाबाईच्या डोळ्यांपुढे कललेला मचवा आला. पण ती बोलली नाही. तिला ते कोणी शिकलेल्यानं, नीट मोजून, चार माणसांत सांगायला हवं होतं. नाहीतर म्हातारीची बडबड म्हणून सोडून देतील.

शनिवारी दुपारी पळस्पे फाट्यावर चौघं जमले. बिल्कीस, गुणाबाई, किशोरी आणि ओढून आणलेला प्रितम. टाकीचा काटा तळाशी आला होता. बिल्कीसनं बॉनेट उघडलं, पेट्रोलच्या नळीला दाब मोजणारं गोल गेज जोडलं आणि त्याची लांब रबरी नळी बाहेर काढून गेज पुढच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं चिकटवलं. आत बसून काटा दिसावा म्हणून. मग स्टेअरिंगखाली हात घालून काडेपेटीएवढं काहीतरी एका खाचेत बसवलं.

"ह्ये काय?" गुणाबाईनं विचारलं.

"गाडीचा संगणक यातून माझ्या मोबाईलशी बोलतो, मौसी. गाडीनं नोंदवलेला बिघाड वाचता येतो." ती थांबली. "पुसताही येतो."

"पुसता येतो म्हणजे?" किशोरीनं विचारलं. लॅबमध्ये काम करणारीचे कान टवकारले होते.

"किल्ली अर्धी फिरवायची, इंजिन बंद ठेवायचं, मोबाईलवर एक बटण दाबायचं. इंजिन सुरू केलं की पिवळा दिवा गायब. बिघाड तसाच, फक्त दिवा गायब. बिघाड पुन्हा डोकं वर काढेपर्यंत."

'किल्ली अर्धी. अर्धीच!' हे महाराजांचे शब्द घरच्या तिघांच्याही कानांत वाजले असावेत.

"धूप," किशोरी हळूच म्हणाली. "तो जगन पायाशी वाकतो तेव्हा धूर करतो."

"आनि तो सायेबाचा हात कवा पिशवीतून भाईर येत नाय!" गुणाबाई ओरडली. "अरे रांडेच्या!"

"आत्या!" प्रितम म्हणाला.

"काय आत्या? तुना लाज वाटत नाय, मना कशाला वाटंल?"

बिल्कीस हसली, पण लगेच तिचा चेहरा कामाचा झाला. "दिव्याचं नंतर. आधी गाडी. तुमच्या महाराजानं परीक्षा कशी घेतली? सोमवारी प्रितम, टाकी भरलेली. शनिवारी किशोरी, टाकी रिकामी. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि दोष सोयीच्या गोष्टीवर टाकला. असा प्रयोग माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरानं केला तर मी वर्गाबाहेर काढते. आज एका वेळी एकच बदलायची. किशोरी इथं उतर. रिकाम्या टाकीवर प्रितम चालवेल."

किशोरी हॉटेलच्या बाकावर चहा घेऊन बसली. गाडी निघाली. सपाटीवर काचेवरचा काटा स्थिर होता. खिंडीचा चढ लागला, वळण आलं, आणि काटा थरथरला, ढासळला. मोबाईलवरची दाबाची रेघ कोसळली. पिवळा दिवा लागला. गाडी रांगू लागली. प्रितम ॲक्सिलेटर दाबतोय आणि घामानं निथळतोय.

"किशोरी कुठाय रे?" मागून गुणाबाईनं विचारलं. "डिकीत बसलीय काय?"

त्यानं गाडी कडेला घेतली. बिल्कीसनं सावकाश समजावलं. "या इंजिनला दोन पंप. एक मागे टाकीत, एक पुढे इंजिनावर. आपल्या बिल्डिंगचंच घ्या. तळाच्या टाकीतून पाणी ढकललं जातं तेव्हा गच्चीवर चढतं. तळालाच पंप हवा ओढायला लागला, तर वर कितीही भारी पंप बसवा, पाणी कुठून येणार? तुमच्या टाकीतल्या पंपाभोवती एक वाटी असते. चढावर पेट्रोल मागे सरकलं तरी पंप कोरडा पडू नये म्हणून ती वाटी भरत राहायची सोय असते. ती सोय कचऱ्यानं बंद झाली असणार. टाकी भरलेली असली की पंप तसाही बुडालेला राहतो, कळत नाही. टाकी तळाला गेली आणि गाडीनं नाक वर केलं की पंप हवा ओढतो. चढावर टर्बोला पेट्रोल जास्त लागतं आणि नेमकं तेव्हाच मिळत नाही. मग संगणक इंजिनाला वाचवण्यासाठी ताकद काढून घेतो. तुम्ही ज्याला भूत म्हणता ना, ते गाडीचं शहाणपण आहे."

"पण गॅरेजमध्ये तर पंप..."

"पुढचा बदलला. मागचा दाब आधी मोजायचा असतो. तो मोजलाच नाही."

गाडी वळवून उताराला तोंड केलं, तशी ती शहाण्या लेकरासारखी चालू लागली. फाट्यावर टाकी भरली. आता स्टेअरिंगवर किशोरी. त्याच खिंडीत, त्याच वळणावर, तीच बाई, आणि गाडी वाऱ्यासारखी चढून गेली. काटा जागचा हलला नाही.

वर पोचल्यावर किशोरीनं गाडी थांबवली. इतके दिवस न आलेलं पाणी आता आलं.

"प्रितम, तू इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलास. तुला एकदाही वाटलं नाही, आपण रिकाम्या टाकीवर चालवून बघावी?"

"पप्पांना कोण सांगणार होतं..."

"पप्पांना नाही. मला विचारते. तुला वाटलं नाही?"

"आता घरी सांगू, मिटवू," प्रितम म्हणाला. "बिल्कीस मॅडम वाटी साफ करून देतील. कशाला तमाशा?"

"मिटवू?" गुणाबाईचा आवाज चढला. "गाडी दुरुस्त व्हईल. हिच्या कपाळावर त्यानं जगादेखत जो डाग लावला, तो तू घरात दार लावून पुसणार? जिथं लावला तिथंच पुसायचा. सोमवारी गाडी जाईल. टाकी भरून जाईल, खण-नारळ घेऊन जाईल. आनि वाटीला तवर कोणी हात लावायचा नाय."

सोमवारी मैदान नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. सुनेला घालवतात कशी, हे बघायला लोक लांबून आले होते. अशा वेळी आपल्याकडे माणसं कामधंदा सोडून येतात! किशोरी गाडीजवळ उभी होती. कमळाकरनं तिची बॅग भरून सोबत आणली होती आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता. बिल्कीस डोक्यावर ओढणी घेऊन बायकांच्या घोळक्यात. शनिवारचा पिवळा दिवा तसाच पेटलेला.

"डोळा पुन्हा उघडला!" महाराज गरजले. "म्हटलं नव्हतं? जगन, पाय धर."

जगन धूर करत वाकला. वाकला तो वाकलेलाच राहिला. खाच भरलेली होती. तिथं बिल्कीसची काडेपेटी आधीच बसलेली. आपली तसलीच काडेपेटी मुठीत धरून तो चाचपत राहिला, धूर नाकातोंडात गेला, ठसका लागला.

"किल्ली अर्धी फिरव," महाराजांनी आज्ञा केली आणि डोळे मिटले. गोमुखी थरथरली. "आता जागी कर!"

इंजिन सुरू झालं. दिवा तसाच.

"बंद कर. पुन्हा अर्धी!" मंत्राचा आवाज वाढला. गोमुखीच्या आत अंगठा नुसता नाचत होता. "जागी कर!"

दिवा तसाच. जगन डोळे पुसत बाहेर आला आणि महाराजांच्या कानाशी लागला. महाराजांचा चेहरा क्षणभर उतरला, मग ते किशोरीवर उसळले. "हिची सावली पडतेय! लांब न्या हिला!"

किशोरी स्वतःच चालत गेली, मैदानाच्या पार कडेला, ट्रेलरच्या रांगेपलीकडे. सगळी गर्दी तिच्याकडे मान वळवून बघत होती.

"गेली," गुणाबाई मोठ्यानं म्हणाली. "आता घालव दिवा."

महाराजांनी पुन्हा मंत्र म्हटला. दिवा तसाच.

"आज वेळ नाही लाभली," ते कपाळ पुसत म्हणाले. "अमावास्येला..."

"मी घालवू का?" बिल्कीस पुढे आली. "मला मंत्र येत नाही. प्रितम, किल्ली अर्धी." तिनं हात उंच धरून मोबाईल सगळ्यांना दाखवला आणि एकदा बोट टेकवलं. "आता चालू कर."

दिवा विझला.

तेवढ्यात गुणाबाई चौरंगावर चढली. उभं आयुष्य सुरमई-रावस उचललेले ते हात. तिनं गोमुखी धरली आणि सालपट काढावं तशी खेचली. माळ नव्हतीच. हातात उजळलेला मोबाईल, आणि त्याच्या पडद्यावर 'कनेक्ट होत नाही' अशी सूचना.

"बघा, बघा देवाचा जप!" तिनं तो हात मनगटाला धरून वर उचलला. "चार्जिंग हाय काय रे महाराज, का तेबी संपला?"

आता हशा फुटला. आणि हशाबरोबर रागही. एक टेम्पोवाला पुढे आला. त्याच्या गाडीचा दिवा मागच्या सोमवारी विझवला होता. "मंग माझ्या गाडीत बिघाड अजून हाय? आन् मी घाटात पोरं घेऊन गेलो?"

"आहे," बिल्कीस म्हणाली. "या माणसानं एकाही गाडीचा बिघाड काढलेला नाही. तापानं फणफणलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडावा, तसे त्यानं तुमचे दिवे विझवले. सगळ्यांनी आजच गाड्या तपासून घ्या." मग तिनं अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरली, तिरकी केली, पाणी मागे कसं सरकतं ते दाखवलं आणि खिंडीतलं सगळं सांगितलं.

महाराज मंडपामागून सटकू बघत होते. टेम्पोवाल्यांनी अडवलं. दोघांनी हात उगारले, तेव्हा बिल्कीस आडवी झाली. "मारायचं नाही. पोलीस येतील. असल्यांसाठी आपल्याकडे कायदा आहे."

कमळाकर सुनेची बॅग हातात धरून तसाच उभा होता. किशोरी परत आली, त्याच्या हातातून बॅग घेतली.

"पोरी, चल घरी," तो म्हणाला.

"नाही पप्पा. आज मी माहेरी जाणारच आहे. पण त्यानं सांगितलं म्हणून नाही."

पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. गतिनाथाचं खरं नाव इंद्रजीत. पूर्वी तो मोटारींच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात कामाला होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. फिर्याद किशोरीनं स्वतःच्या नावानं दिली. काही दिवस आत राहून तो जामिनावर सुटला आणि आता दुसऱ्या शहरात इमारतींच्या लिफ्टचे दोष काढतो, असं कानावर येतं. खटला चालू आहे. जगननं पोलिसांना सगळं सांगितलं. तो सध्या टेम्पो चालवतो. मैदानातला मंडप गेला, पण चौरंग पळवून नेणारेही निघालेच. त्याला पांढरे बूट लागलेले, तो पवित्र म्हणे.

बिल्कीसनं त्याच आठवड्यात टाकीतला पंप वाटीसकट बदलवून घेतला. जुनी वाटी तिच्या वर्गात टेबलावर असते. पोरांना ती पहिल्या तासालाच दाखवते. गाडी आता कितीही कमी पेट्रोलवर खिंड चढते.

कमळाकर पेणला गेला. घरात बसून नव्हे, गणपतीच्या कारखान्यात सगळ्या कामगारांसमोर उभा राहून तो म्हणाला, "माझी सून निर्दोष होती. चूक माझी." तेवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. किशोरीच्या आईनं रंगाचा ब्रश खाली ठेवला नाही, पण त्याला पाणी दिलं. किशोरी काही महिन्यांनी परत आली. सासरच्या घरी नव्हे, करंजाड्यातच वेगळ्या भाड्याच्या खोलीत. प्रितम तिच्यासोबत राहतो. तिनं त्याला माफ केलं का, हे तिला विचारायची कोणाची हिंमत नाही. गुणाबाई थकली आहे. गुडघे धरतात. पण तो राग अजून तसाच आहे, आणि तो जाऊ नये असंच तिला वाटतं.

माणसाच्या हातून यंत्र घडतं, यंत्र बिघडतं आणि माणसालाच ते दुरुस्त करावं लागतं. बिघाड कळत नसेल तर मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. सोपं आणि तळाशी असलेलं आधी तपासा. एवढं करूनही कळलं नाही, तर 'आम्हाला कळलं नाही' असं सरळ म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण आपल्याला न कळलेल्या गोष्टीचं खापर घरातल्या बाईच्या डोक्यावर फोडू नका.